अर्धी सुई

आमच्या घरी दाराची बेल वाजली की आई आतून ओरडायची, "थांबा, सुई संपवतंय!" बाहेरचा माणूस नवा असेल तर त्याला काही उमगायचं नाही. विणणाऱ्या बायका एका ओळीला 'सुई' म्हणतात. या टोकापासून त्या टोकापर्यंतचे सगळे टाके विणून झाले की एक सुई झाली. आईचा नियम असा, की सुई अर्धी सोडून उठायचं नाही. बेल वाजो, नाहीतर गॅसवरचं दूध उतू जावो. मध्येच सोडलं तर तिथले टाके ताणले जातात आणि स्वेटर कितीही धुतला तरी ती जागा ओळखू येते, असं तिचं म्हणणं. दूध दोन-चारदा खरंच उतू गेलं. ओटा बाबांनी पुसला.

तिचं माहेर मालवणकडचं. तिथे लोकरीचं काय काम? लग्न होऊन घाटकोपरला भटवाडीत आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या एका बाईंकडून ती विणायला शिकली आणि मग तिला त्याचं वेडच लागलं. सकाळी बालवाडीत मदतनीस, दुपारचं जेवण आटोपलं की सुया. मुंबईत स्वेटर वर्षातून आठ-दहा दिवस अंगावर चढतो, तोही कौतुकाने. त्यामुळे तिचं बहुतेक काम बाळांसाठी. बिल्डिंगमध्ये कुणाकडे बाळ व्हायचं असलं की बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे आमच्याकडून जाणार, हे न बोलता ठरलेलं असायचं. आणि प्रत्येक टोपड्यात मानेजवळ ती एक काळा टाका घालायची. अख्खं टोपडं पांढरं किंवा पिवळं, आणि त्यात तो एकच काळा. बाळाच्या गालाला तीट लावतात तसा, दृष्ट लागू नये म्हणून. मोठ्यांच्या स्वेटरलाही तो असायचा, पाठीच्या भागावर, डाव्या कुशीजवळ, खालच्या बॉर्डरमध्ये. काळी लोकर ती मुद्दाम जरा जाड घ्यायची, म्हणून डोळ्यांना दिसला नाही तरी बोटांना लागायचा.

शाळेत असताना मी त्यावरून तिची भरपूर टिंगल केली. "आई, डिफेक्टिव्ह पीस म्हणून परत येईल हं हे."

"येऊंदे. दृष्ट तर लागूची नाय."

मला तिने पाचवीच्या सुट्टीत विणायला शिकवलं. दोन सुलट, दोन उलट. माझा हात घट्ट. मी धागा असा ओढायचे की पुढच्या ओळीला सुई टाक्यात शिरायची नाही. आईचा हात सैल. तिने विणलेलं कापड हातात घेतलं की मऊ लागायचं, दाबलं की दबायचं. माझं पुठ्ठ्यासारखं उभं राहायचं. घट्ट हाताच्या बायका हट्टी असतात, असं ती म्हणायची. हा शोध तिने माझ्यापुरताच लावला असावा. पण या हातांमुळेच तिचा दुसरा नियम होता, की एकीच्या सुईवर दुसरीने विणायचं नाही. हात बदलला की कापडावर लगेच कळतं.

बारावीनंतर मी फिजिओथेरपीला गेले. कॉलेज अंधेरीला. घाटकोपरहून मेट्रो, मग थोडं चालणं. सकाळी लेक्चर, मग हॉस्पिटलमधलं पोस्टिंग, दुपारी पुन्हा लेक्चर, आणि घरी आल्यावर जर्नल्स. एवढ्यात विणणार कधी, असं सगळे विचारायचे. मी विणायचेच. येताना मेट्रोत बसायला जागा मिळाली तर चार सुया, मॅडम यायच्या आधी वर्गात दोन, व्हायवाच्या रांगेत नंबर लांब असेल तर सहा. त्या रांगेत बाकीच्या मुली मज्जातंतूंची नावं पुटपुटायच्या आणि मी टाके. मला वाटतं, त्यामुळेच माझे हात थरथरायचे नाहीत.

एकदा मेट्रोच्या स्टेशनवर तपासणीत माझी बॅग अडवली. तिथल्या बाईने स्टीलच्या दोन्ही सुया बाहेर काढल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय गं?"

"विणकाम. टोपडं आहे."

"कुणाचं?"

"शेजारच्या वहिनींच्या बाळाचं."

तिने ते टोपडं उलटंसुलटं केलं, काळ्या टाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे चुकलंय तुझं." मी तिला दृष्टीचं सांगितलं. ती हसली आणि तिने बॅग सोडली. मग तिची ड्यूटी असली की ती मला नुसती विचारायची, "आज काय आहे सुईवर?"

दुसऱ्या वर्षाची एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. आमच्या एक मॅडम आम्हाला पहिल्यांदा वॉर्डात घेऊन गेल्या. तिथे अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले एक गृहस्थ शर्टाची बटणं लावत होते. मॅडमनी आम्हा आठ जणींना पलंगाभोवती उभं केलं आणि म्हणाल्या, "हात मागे बांधा." आम्ही बांधले. सहा बटणं होती. त्यांना वीस मिनिटं लागली. चौथ्या बटणाला माझे हात इतके शिवशिवत होते की मी स्वतःचंच मनगट दाबून धरलं होतं. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्यांचं बटण तुम्ही लावलंत तर तुमचं काम लवकर होईल, त्यांचं कधीच होणार नाही. आणि सगळ्यात आधी पेशंटला विचारा, तुम्हाला काय करायचंय. तुम्हाला काय वाटतं ते नंतर." मी हे सगळं जर्नलमध्ये लिहून घेतलं. अक्षर माझं चांगलं आहे.

शेवटच्या वर्षाला अभ्यासासाठी मी कॉलेजच्या रीडिंग रूममध्ये बसायला लागले. तिथला एसी कुणाच्या ताब्यात होता देव जाणे. बाहेर घामाच्या धारा आणि आत दात वाजतायत. मी सारखी शिंकायला लागले तशी आईने स्वेटर विणायला घेतला. लोकर मी निवडली, फिकट राखाडी.

"राख काय ती," आई म्हणाली. "जरा लाल-पिवळी घेवची."

"आई, मी टोपडं नाही घालणार आहे."

"मोठी इली! उकाड्यान जीव चललो आणि ह्यांका थंडी वाजता."

पाठीचा भाग तिने जुलैत संपवला. पुढचा भाग काखेपर्यंत आला आणि गणपती आले. ती आणि बाबा गावी गेले. परत आल्यावर आठ दिवसांनी, दुपारी जेवून ती खिडकीजवळ विणायला बसली असताना तिला झटका आला. बाबांची त्या दिवशी सुट्टी होती, ते तिथेच पेपर वाचत होते. सुई जमिनीवर पडल्याचा आवाज झाला, एवढंच त्यांना आठवतं.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून तिचे कपडे न्यायला मी घरी आले तेव्हा विणकाम खुर्चीखाली पडलं होतं. सुई अर्धी होती. छप्पन्न टाके एका सुईवर, चाळीस दुसरीवर. मी मोजले. त्या वेळी मोजण्यासारख्या दुसऱ्या शंभर गोष्टी होत्या, पण मी जमिनीवर बसून टाके मोजले. आईने सुई अर्धी सोडलेली मी तोवर पाहिली नव्हती. टाके गळू नयेत म्हणून मी सुयांच्या टोकांना रबर गुंडाळलं आणि सगळं तिच्या कापडी पिशवीत ठेवलं.

उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं जड झालं, पण राहिलं. फक्त मुंबईत तीस वर्षं तिच्या मालवणीत मिसळलेली बोली कुठेतरी मागे पडली आणि ती पूर्ण मालवणीच बोलायला लागली, तेही तुटक. घरी आणल्यावर दिवसभर तिच्याजवळ राहायला बाबांनी लांब रजा घेतली आणि तिच्या व्यायामाचं मी हातात घेतलं. घेणार नाही तर काय? चार वर्षं दुसरं काय शिकत होते? सकाळी कॉलेजला जायच्या आधी अर्धा तास, संध्याकाळी एक तास. एक वही केली. कोणता सांधा किती वळतो, बोटं किती उघडतात, सगळं रोजच्या रोज. साध्य म्हणून मी लिहिलं होतं: चमचा धरणे, बटण लावणे, केस विंचरणे. पाय सुधारत गेला, नोव्हेंबरात ती काठी घेऊन बाथरूमपर्यंत जायला लागली. हाताचं काही होत नव्हतं. मूठ घट्ट मिटलेली. मी एकेक बोट उघडायचे आणि सोडलं की ते पुन्हा आत जायचं.

पिशवी कपाटाच्या मुठीला अडकवलेली होती, तिच्या पलंगासमोर. ती सारखी तिकडे बघायची. एका रविवारी म्हणाली, "पिशी हाड गो."

मी आणून मांडीवर दिली. तिने डाव्या हाताने विणकाम बाहेर ओढलं, मिटलेल्या मुठीखाली दाबून धरलं आणि डाव्या अंगठ्याने सुईवरचे टाके एकेक करून चाचपायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. झटक्यानंतर माणसं लगेच रडतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण मला ते बघवेना. मी विणकाम तिच्या हातातून काढून पिशवीत घातलं.

"रवांदे हयसर," ती म्हणाली.

"नंतर बघू, आई. तुला त्रास होतोय." आणि मी स्टुलावर चढून पिशवी माळ्यावर ठेवली. तिने इथेच राहू दे म्हटलं होतं, मी ते नीट ऐकलं होतं, आणि तरीही ठेवली.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या डोक्यात आलं की हा स्वेटर आपणच पुरा करायचा. अर्धं राहिलेलं काम तिला छळतंय, तर ते संपवून तिच्यासमोर धरलं की तिच्या मनावरचं ओझं जाईल. मला ही कल्पना फार आवडली. ती आंघोळीला गेली असताना मी माळ्यावरच्या पिशवीतलं विणकाम आणि लोकर काढून कॉलेजच्या बॅगेत टाकली.

आधी मी नुसतं पुढे विणायला घेतलं. उरलेले चाळीस टाके सकाळी मेट्रोत, असल्फा ते साकीनाका, एवढ्यात झाले. मग वीस सुया विणल्या आणि ताणून बघितलं. जिथे तिचा हात संपून माझा सुरू झाला तिथे आडवी रेघ दिसत होती. वरचं कापड आखडलेलं, खालचं मोकळं. ज्याला विणकामातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही ती रेघ दिसली असती. मी माझ्या वीस सुया उसवल्या आणि धागा सैल धरून पुन्हा विणल्या. मग एक नंबर मोठ्या सुया घेऊन विणल्या. आईचा हात काही माझ्या हातात येईना. एवढ्यात प्रिलिमची तारीख लागली, सबमिशन आलं, आणि माझ्यातली घाईची, नीटनेटक्या अक्षराची मुलगी जागी झाली. तिने विचार केला की दोन हात जुळवत बसण्यापेक्षा सगळं एका हाताचं केलेलं बरं.

पोस्टिंग आणि लेक्चरच्या मध्ये एक तास रिकामा होता. कॉलेजच्या मागच्या जिन्यावर बसून मी सुई उपसली आणि धागा ओढला. आधी पुढचा भाग. मग पाठ, जी पूर्ण झालेली होती, पण माझ्या घट्ट पुढच्याला ती कुशीत जुळली नसती. लोकर सर्र सर्र सुटत होती. ज्यांनी कधी उसवलं नाही त्यांना सांगते, त्यात एक वाईट प्रकारची मजा असते. दोन महिन्यांचं काम वीस मिनिटांत संपतं. पाठीच्या बॉर्डरपाशी धागा अडकला. काळा टाका होता. बोटभर काळी लोकर, मागे बारीक गाठ. मी ती नखाने सोडवली आणि जिन्यावरच झटकून टाकली.

उसवलेली लोकर कुरळी असते. जितके दिवस ती टाक्यांत असते तितका तो आकार धरून ठेवते, आणि तशीच विणली तर कापड ओबडधोबड होतं. म्हणून तिची लडी करायची, कोमट पाण्यात धुवायची आणि खाली वजन बांधून वाळत घालायची. हे मला आईनेच शिकवलेलं. घरी करता येणार नव्हतं, म्हणून जोगेश्वरीला मैत्रिणीच्या खोलीवर नेऊन धुतली आणि लडीला पाण्याची भरलेली बाटली बांधली. दोन दिवसांनी लोकर दुकानातून नुकतीच आणल्यासारखी सरळ झाली होती. मैत्रीण म्हणाली, "झकास! नवीनच वाटते यार." मलाही झकासच वाटलं.

मग सहा आठवडे मी विणलं. मेट्रोत, वर्गात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, डबा खायलाही सुया खाली ठेवत नाही म्हणून मैत्रिणींच्या शिव्या खात. तपासणीतल्या बाईने विचारलं, "कुणाचा हा?" मी म्हटलं, "माझा. आईने सुरू केलेला, मी संपवतेय." खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलंही नाही. त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होते, हे सांगितलंच पाहिजे. अभ्यास, आईचे व्यायाम, शिवाय हे. काळ्या टाक्याची आठवण मला बॉर्डर विणताना आली होती. काळी लोकर घरी, आईच्या डब्यात होती. कोण शोधत बसणार, म्हणून सोडून दिलं.

जानेवारीत आपल्याकडे ते आठ-दहा दिवस येतात तसे आले. रविवारी सकाळी आई खिडकीजवळ उन्हात बसली होती. मी स्वेटर घालून तिच्यासमोर उभी राहिले.

आधी तिचा चेहरा खुलला, तो मला अजून दिसतो. डावा हात पुढे करून तिने मला जवळ ओढलं. "बघूया, बघूया." मग तिची बोटं कापडावर फिरली आणि थांबली. तिने कापड चिमटीत धरून चोळलं. मग माझी डावी कुशी तिच्याकडे वळवून ती बॉर्डर चाचपायला लागली. अंगठा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मला कळलं की ती काय शोधतेय.

"काळो टाको खंय?"

"राहिला घालायचा. मी घालते ना नंतर."

"मिया घातलेलो," ती म्हणाली. मग कापड सोडून देत, "सगळा उसवलंस?"

मी घाईघाईने सांगायला लागले. हात जुळत नव्हता, रेघ दिसत होती, तूच तर सांगायचीस की एकीच्या सुईवर दुसरीने विणू नये. मी बोलतच राहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीतून बाहेर बघत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "माजी अर्धी सुई रवलेली गो."

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. जी बाई एरवी उगाच उगाच रडायची ती त्या दिवशी रडली नाही. तिने मान वळवली आणि मला तिथे उभं राहवेना.

मी स्वयंपाकघरात गेले. बाबा चहा गाळत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, "मला वाटलं तिला बरं वाटेल."

बाबा म्हणाले, "तू कॉलेजला गेलीस की ती रोज त्या माळ्याकडे बघत बोटं उघडायची खटपट करते. घामाघूम होते. मी म्हणतो बस झालं, तर म्हणते, चाळीस टाके रवलेत, तेवढे जमाक होये."

"चाळीस?"

"हो. रोज तेच. मला वाटलं, तुला माहीत असेल. व्यायाम तूच देतेस ना."

म्हणजे पिशवी मागितली त्या रविवारी ती रडत नव्हती, मोजत होती. कदाचित रडतही असेल, पण मोजत होती. माझ्या वहीत चमचा होता, बटण होतं, कंगवा होता. चाळीस टाके कुठेच नव्हते, कारण तुला काय करायचंय हे मी तिला विचारलंच नव्हतं. वॉर्डातल्या प्रत्येक अनोळखी माणसाला मी विचारायचे. आणि ते चाळीस टाके मी असल्फा ते साकीनाका संपवून टाकले होते, आणि मग त्यांच्याखालचं सगळंच.

त्या आठवड्यात मी घरभर शोधलं. आईच्या हातचं, झटक्याच्या आधीचं काहीतरी. काही मिळालं नाही. तिने विणलेलं सगळं बाहेर गेलेलं. बाळांची टोपडी बाळांबरोबर, माझे लहानपणीचे स्वेटर गावी चुलत भावंडांना, त्यांच्याकडून आणखी कुणाला. बाबांचा एक मफलर होता, तो एका प्रवासात हरवला. इतकी वर्षं विणणाऱ्या बाईच्या घरात तिचा एक टाका नव्हता. कॉलेजच्या मागच्या जिन्यावरही जाऊन बघितलं. तो रोज झाडला जातो.

आई माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. व्यायाम मी सांगेन तेवढा करायची, एक जास्त नाही. बाबा म्हणाले, आता दुपारी ती खटपट करत नाही, पडून राहते. वहीत रोजचे आकडे तेच येत होते. मी माफी मागितली, दोनदा. दोन्ही वेळा ती "गप रव" म्हणाली, आणि ते रागाने होतं की मायेने, मला समजलं नाही.

प्रिलिमच्या पहिल्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. साडेनऊला पोचायचं होतं. आईने हाक मारली.

"ता स्वेटर हाड. आणि माजो डबो."

मी दोन्ही आणलं. डब्यात वरच काळ्या लोकरीचा लहानसा गुंडा होता. तिने दातांनी धागा तोडला आणि स्वेटर शिवायची जाड सुई माझ्यापुढे धरली. "ओवून दी." मी ओवून दिली. तिने स्वेटर मांडीवर पसरला, डावी कुशी शोधली आणि बॉर्डरवर उजवी मूठ ठेवली, वजनासारखी. डाव्या हातात सुई घेतली. ती डाव्या हाताने कधी भाजीही चिरत नसे.

सुई कापडात शिरेना. शिरली ती भलतीकडेच. तिने ती उपसली. पुन्हा घातली. स्वेटर मुठीखालून सरकला, तिने हनुवटीने तो मागे ओढला. घड्याळाकडे मी बघितलं नाही असं म्हणणार नाही, बघितलं. साडेआठ होऊन गेले होते. मी हात मागे बांधले आणि माझंच मनगट दाबून धरलं. सुई खाली पडली. मी उचलली नाही. वाकून तिने ती स्वतः उचलली, एकदा बाबा पुढे झाले तेव्हा मी मानेनेच त्यांना नको म्हटलं. तिच्या ओठांवर घाम आला होता. शेवटी सुई कापडाच्या पलीकडे निघाली, तिने दातात धरून धागा ओढला, पुन्हा अलीकडे आणला, आणि टोक तसंच सोडलं. गाठ मारणं काही एका हाताचं काम नव्हतं.

"घाल," ती म्हणाली. "परीक्षेक दृष्ट लागता."

मी तो घालून गेले. बाहेर तेव्हा चांगलंच ऊन होतं.

तिच्या हाताची बोटं आता थोडी उघडतात, सुई धरण्याइतकी नाही. वहीतल्या साध्याच्या रकान्यात मी तिला विचारून चाळीस टाके लिहिले आहेत. नवी लोकर आणून तिच्या उशाशी ठेवली आहे, तिला वाटेल तेव्हासाठी. तिने अजून ती मागितलेली नाही.

स्वेटर मी रीडिंग रूममध्ये घालते. सगळा माझ्या हातचा, घट्ट, एकसारखा, आणि डाव्या कुशीजवळ तो एक काळा टाका, वाकडा, त्याच्या खऱ्या जागेपासून दोन बोटं लांब. गाठ नसल्यामुळे दर धुण्याला तो थोडा बाहेर येतो. मी त्याला बोटाने हळूच जागेवर बसवते. ओढून घट्ट करत नाही.